पेप्टाइडचा आकार: एआयचा अंदाज पुरेसा आहे का?

वजन कमी करणारी मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात आली. आता आमच्या मानपाड्यातही त्यांची चर्चा असते. दोन्ही औषधं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती कशी वळते, त्यावर पेशीवरच्या रिसेप्टरमध्ये नीट बसणार का, हे ठरतं. मग अल्फाफोल्डला विचारलं की झालं? मी स्वतः कोड लिहितो, तरी माझं उत्तर ‘नाही’. अल्फाफोल्ड सहसा एक स्थिर आकार देतं; छोटं पेप्टाइड मात्र पाण्यात सतत वळवळत असतं. एनएमआर ते द्रावणातच तपासतं. शक्तिशाली चुंबकात रेडिओ लहरी सोडून, कोणते हायड्रोजन एकमेकांपासून अर्ध्या नॅनोमीटरच्या आत आहेत, हे कळतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये यासाठी 1983 पासून राष्ट्रीय सुविधा आहे. एआय अंदाज बांधेल, पण खात्री करायला अशी यंत्रं लागणारच.