फ्लेअर न जाळता परतलेले विमान

पाऊस लांबला की सरकारला 'कृत्रिम पावसाचे विमान' आठवते. २०१९ मध्ये मंजुरी मिळाली मे महिन्यात, आणि तेव्हाच्या औरंगाबादहून विमान उडायला ऑगस्ट उजाडला. २०१५ मध्येही ऑगस्टच. बातम्यांत आकडा झळकत होता तो जाळलेल्या फ्लेअरचा, म्हणजे ढगात बीजकण सोडणाऱ्या नळकांड्यांचा. पाऊस किती वाढला, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

सोलापुरात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत मात्र पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) हाच प्रश्न धरून 'कायपीक्स' या ढगांवरील प्रयोगाचा चौथा टप्पा राबवला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा त्यासाठी मुद्दाम निवडलेला. जमिनीवर सी-बँड रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळे, वर दोन विमाने: एक ढग तपासणारे, दुसरे बीजारोपण करणारे. एकूण २७६ ढग अभ्यासले गेले. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, खर्च लिटरमागे १८ पैसे. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला अठराशे रुपये. (टँकर निदान वस्तीवर येऊन थांबतो, हे पाणी कोणाच्या रानात पडेल, ते वारा ठरवतो.)

हा आकडा ठामपणे सांगता येतो, तो बीज न टाकता मुद्दाम मोकळे सोडलेल्या ढगांमुळे. तुलनेला तसे ढग नसतील तर पडलेला पाऊस विमानाचा की मोसमाचा, हे ठरणार कसे? वैमानिकांना हे पचायला जड जाते. समोर जोमदार ढग, पंखामागच्या रॅकवर फ्लेअर तयार, आणि तरी बटण न दाबता वळायचे! पण त्या दिवशीचे खरे काम तेच असते.

म्हणून निविदा निघते तेव्हा आपल्या लोकांनी दोन गोष्टींचा आग्रह धरावा. विमान जूनमध्येच तळावर हवे. उशीर झाला आणि ढगच नसतील तर बीज टाकणार कशात? आणि थेंबांचा आकार, ढगातले पाणी मोजणारी उपकरणे करारातून गाळू नयेत. खर्चाला कात्री लागली की पहिला घाव त्यांच्यावरच बसतो.

देखभाल अभियंत्यांसाठी थोडे वेगळे. या कामात नेहमी दिसणारे किंग एअर बी-२०० म्हणजे पीटी६ए-४२ ची जोडी, प्रत्येकी ८५० अश्वशक्ती. यंत्र दणकट आहे, पण फ्लेअरमधल्या कॅल्शियम क्लोराइडची राख ओल धरते आणि धातू खाते. मागची कड, फ्लॅपचे बिजागर, रॅकचे विद्युत जोड यांची धुलाई उद्यावर टाकू नका. ढगमाथ्याजवळ सिल्व्हर आयोडाइडचे काम असेल तर शून्याखालीही न गोठलेले पाणी पंखावर आदळून बर्फ धरते. अशा उड्डाणाआधी डी-आइसिंग बूट फुगवून पाहा, आणि बारीक छिद्र दिसले तरी विमान सोडू नका, खाली कितीही घाई चाललेली असो.