खोडरबर जरा बाजूला ठेवा

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगात सहा वाचने घेतली. पाच जुळली, सहावे जुळले नाही. मग तुम्ही काय करता? खरे सांगा! सहावे हळूच खोडता आणि तेथे ‘बरोबर’ आकडा लिहिता. माझ्या मते या एका सवयीने विज्ञानशिक्षणाचे फार नुकसान होते. कसे, ते समुद्राच्या तळावरील एका उदाहरणाने पाहू.

कार्बन-१४ हे निसर्गातले घड्याळ आहे, असे तुम्ही वाचले असेल. विश्वकिरणांच्या माऱ्यामुळे वातावरणात हा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होतो. सजीव जिवंत असेतोवर तो घेत राहतो. मेल्यावर पुरवठा थांबतो आणि असलेला साठा ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला मोजायचा आणि वय काढायचे. या पद्धतीबद्दल विलर्ड लिबी यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हे घड्याळ समुद्रात नेऊ. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव. बहुतेक वाळूच्या कणाएवढे, पण कॅल्शियम कार्बोनेटचे सुबक कवच बांधणारे. काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगतात, काही तळावरच राहतात. मेल्यावर दोघांचीही कवचे तळाच्या गाळात जमतात. मौज अशी की, उत्तर पॅसिफिकच्या खोल तळावर आज जगणाऱ्या जिवाचे कवच तपासले, तर घड्याळ त्याचे वय दीड-दोन हजार वर्षे सांगते!

मग घड्याळ बिघडले का? मुळीच नाही. जिवाने ज्या पाण्यातून कार्बन घेतला, ते पाणीच ‘म्हातारे’ आहे. उत्तर अटलांटिकमध्ये आणि अंटार्क्टिकाभोवती थंड, खारट, जड पाणी खाली बुडते. त्याचा हवेशी संबंध तुटतो. त्यानंतर दर ८३ वर्षांत त्यातील कार्बन-१४ सुमारे १ टक्क्याने घटतो. वरच्या पाण्यापेक्षा तळाच्या पाण्यात तो १२ टक्के कमी असेल, तर फरक झाला सुमारे हजार वर्षांचा. म्हणजे घड्याळाची ही ‘चूक’ म्हणजेच पाण्याच्या प्रवासाची नोंद!

म्हणून गाळाच्या एकाच थरातून दोन्ही प्रकारची कवचे वेचतात आणि त्यांच्या वयांतला फरक काढतात. तो थर साचला त्या काळी खोल पाणी हवेपासून किती काळ दूर होते, याचा अंदाज त्यावरून येतो. पूर्वी हे जमत नव्हते, कारण मोजणीला काही ग्रॅम कार्बन लागे. १९७७ पासून त्वरकयंत्राने अणूच मोजण्याची पद्धत विकसित झाली आणि काही मिलिग्रॅम कवचे पुरू लागली. १९८० च्या दशकात वॉलेस ब्रोकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा असा उपयोग केला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, हा फरक पुष्कळ ठिकाणी आजच्यापेक्षा जास्त होता, असे पुढे दिसून आले. खोल पाणी तेव्हा हवेला कमी भेटत असे आणि कार्बन डाय-ऑक्साइड पोटात साठवून ठेवीत असे. आज तापमानवाढीने अटलांटिकचे अभिसरण मंदावेल काय, ही जगाला चिंता आहे. असे पूर्वी कधी घडले होते का, हे सांगणाऱ्या साक्षीदारांत ही कवचे आहेत.

पण जुळत नसलेला प्रत्येक आकडा म्हणजे शोध, असेही समजू नका. तळावरचे किडे गाळाचा वरचा काही सेंटिमीटरचा थर सतत ढवळतात. जेथे हजार वर्षांत दोन-तीन सेंटिमीटरच गाळ साचतो, तेथे वेगवेगळ्या काळांतली कवचे शेजारी येऊन बसतात आणि खोटा फरक दिसतो. म्हणून संशोधक भराभर साचलेला गाळ निवडतात आणि अनेक ठिकाणचे निष्कर्ष ताडून पाहतात. आकडा खोडायचा नाही, तसाच डोळे मिटून मानायचाही नाही. त्याची उलटतपासणी करायची.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रयोगवहीत ‘न जुळलेली वाचने व त्यांची संभाव्य कारणे’ असा एक रकाना ठेवा आणि त्याला गुण द्या. आणि मित्रांनो, पुढच्या वेळी सहावे वाचन जुळले नाही, तर खोडरबर शोधण्याआधी ते पुन्हा घ्या. पुन्हाही तेच आले, तर त्याला विचारा, ‘तू मला काय सांगतो आहेस?’