सदर आवरण्याची वेळ

जुन्या मराठी वाड्यात सदर म्हणजे दप्तराची, हिशेबाची आणि आल्यागेल्याच्या स्वागताची जागा. सणावाराच्या आधी ती प्रथम आवरली जाई. जबलपूरच्या छावणी भागातील बाजारपेठेचे नावही सदरच. या शहरात १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियाचा आयुध कारखाना आहे, १९६९ पासूनची वाहन निर्माणी आहे आणि सैन्याची प्रशिक्षण केंद्रेही आहेत. साहजिकच निवृत्तिवेतनावर ज्यांचे घर चालते अशी मंडळी येथे पुष्कळ. दिवाळीच्या सुमारास त्यांच्यापुढे दरवर्षी एक काम उभे राहते, ते म्हणजे नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला.

हा दाखला पूर्वी बहुधा शाखेत जाऊन द्यावा लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू झाली आणि तो संगणकीय पद्धतीने देता येऊ लागला. २०२१ पासून तर चेहऱ्याच्या ओळखीवरून घरबसल्याही देता येतो. सोय मोठी आहे; परंतु सदरमधील एखाद्या सत्तरी उलटलेल्या गृहस्थांचे उदाहरण घ्यावे. मुलाने काही वर्षांपूर्वी दिलेला १६ जीबीचा टॅबलेट ते हाती घेतात. ॲप सांगते, ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती हवी. ती घ्यावयास जावे, तर टॅबलेट सांगतो, पुरेशी जागा नाही. गृहस्थ टॅबलेट मिटून ठेवतात आणि ‘हे आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्षच चुकीचा आहे.

जागा कमी का पडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. खोक्यावर १६ जीबी छापलेले असले, तरी संगणकाच्या मोजणीने ते सुमारे १४.९ भरते. त्यातही मोठा वाटा खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो. नवी आवृत्ती येते ती आधी उतरवून घ्यावी लागते, मग तपासून उलगडावी लागते, आणि हे होईपर्यंत जुनी जागच्या जागी राहते. घर बदलताना नवे सामान आत आणि जुने अजून बाहेर गेलेले नाही, अशी ही अवस्था असते. म्हणून आवृत्तीच्या आकारापेक्षा अधिक जागा मोकळी लागते.

या अडचणीत केवळ वृद्ध ग्राहकच सापडतात असे नाही. २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आलेल्या स्वस्त ‘आकाश’ टॅबलेटची अंतर्गत साठवण अवघी २ जीबी होती. मुंबईच्या आयआयटीचा सहभाग असलेल्या २०१२ च्या ‘आकाश २’ मध्ये ती ४ जीबी झाली. २०१४ साली ॲपलची आठवी आवृत्ती आली, तेव्हा ती थेट आयपॅडवर उतरविण्यासाठी सुमारे ५ जीबी मोकळी जागा लागे. १६ जीबीचे यंत्र घेतलेले असंख्य लोक अडले. पुढील वर्षीच्या नवव्या आवृत्तीत ही गरज १.३ जीबीवर आणली गेली. म्हणजे ग्राहकाने अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे; पण अंथरूण शिवणाऱ्यानेही माणसाची उंची पाहिली पाहिजे.

तथापि निर्मात्याला दोष देऊन काम संपत नाही. नवी आवृत्ती ही हौस नव्हे. तिच्यासोबत जुन्या यंत्रणेतील सुरक्षेच्या फटी बुजविल्या जातात. ज्या टॅबलेटवरून खात्याचा व्यवहार होतो, त्याच्या फटी उघड्या ठेवणे म्हणजे तिजोरीला कुलूप लावून खिडकी सताड उघडी टाकणे होय.

आणि जागा बहुधा अडविलेली असते ती आपणच. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बचतीला लागू पडते तशीच रोजच्या सुप्रभात संदेशांनाही. तीच तीच छायाचित्रे, पाहून झालेल्या चित्रफिती, एकदाच वापरलेली ॲप्स काढून टाकली तरी पुष्कळ जागा सुटते. साठवण कशाने व्यापली आहे, याचा हिशेब टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये पासबुकासारखा लिहिलेला असतो. तो वाचण्याची सवय हवी. नातवंडांची छायाचित्रे आधी संगणकावर वा मेमरी कार्डावर उतरवून घ्यावीत, ती नीट उघडतात याची खात्री करावी आणि मगच टॅबलेटवरून पुसावीत. पासबुक, आधार वा पिन यांची छायाचित्रे टॅबलेटवर ठेवूच नयेत. यंत्र पुरेसे भारित असावे, वाय-फाय खात्रीचे असावे. आयपॅड असल्यास संगणकाला जोडून नवी आवृत्ती घेता येते; त्यास यंत्रावर कमी जागा पुरते. संदेशातून आलेल्या दुव्यावरून मात्र कोणतीही आवृत्ती कधीही घेऊ नये. ती सेटिंग्जमधूनच घ्यावी. आणि हे सारे दाखल्याच्या अखेरच्या दिवशी नव्हे, तर ऑक्टोबरातच उरकावे.

इतके करूनही काही टॅबलेट अडतातच, कारण निर्मात्याने त्यांच्यासाठी नव्या आवृत्त्या देणे थांबविलेले असते. असे यंत्र वाचनाला, भजने ऐकायला खुशाल ठेवावे. बँकेच्या व्यवहारातून मात्र त्याला सन्मानाने निवृत्त करावे.

येथे बँकेचेही कर्तव्य सुरू होते. जुन्या यंत्राचा ग्राहक हा जुना ग्राहक असतो. ‘नवा टॅबलेट घ्या’ हे त्याला द्यावयाचे पहिले उत्तर असू शकत नाही. शाखेत येऊन दाखला देण्याचा मार्ग आजही खुला आहे. सत्तर वर्षांवरील आणि अपंग वा आजारी ग्राहकांना हयातीचा दाखला घरूनच देण्याची सोय करावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना दिलेली आहे. ही माहिती ग्राहकाने विचारण्याची वाट न पाहता काउंटरवरील कर्मचाऱ्याने आपणहून द्यावी. ग्राहकाचा टॅबलेट हाती घेऊन त्याचा पिन विचारण्यापेक्षा, साठवणीचा हिशेब कोठे पाहावा हे शेजारी बसून पाच मिनिटे दाखविणे ही खरी सेवा ठरेल.

निवृत्तिवेतन ही उपकाराची रक्कम नव्हे. ती उभ्या हयातीची कमाई आहे. काही जीबी जागेवाचून ती अडू नये. त्यासाठी ग्राहकाने आपली सदर वेळेवर आवरावी, आणि बँकेने आपले दार उघडे ठेवावे.