सहीपुरती बाई

'सिकारिओ' हा २०१५ सालचा इंग्रजी चित्रपट. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर अमली पदार्थांविरुद्ध जे 'युद्ध' चालते, त्याबद्दलचा. सिकारिओ म्हणजे भाडोत्री मारेकरी. चित्रपट काळोखा आहे, हिंसक आहे आणि शेवटी प्रेक्षकाला कसलाही दिलासा देत नाही. त्यावर आजवर बरेच बोलले गेले. आमच्या गटात तो दाखवला तेव्हा मीही बरेच ऐकले. त्यातली एक प्रतिक्रिया इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याशी भांडणे मला आवश्यक वाटते. ती म्हणजे, 'नायिका फारच कमजोर दाखवली आहे.'

पुरुष प्रेक्षक हे हसून म्हणतात, तर आपल्यातल्या कार्यकर्त्या चिडून म्हणतात. मोजमाप मात्र दोघांचे एकच.

नायिका केट मेसर एफ.बी.आय.ची अधिकारी आहे. कष्टाळू, धाडसी, नियमाने चालणारी. तिला एका खास पथकात घेतले जाते. आपल्याला नेमके कशासाठी घेतले, हे तिला कोणी धड सांगत नाही. पुढे कळते ते असे : सी.आय.ए.ला देशाच्या हद्दीत एकट्याने कारवाई करता येत नाही, देशांतर्गत यंत्रणेचे कोणीतरी सोबत लागते. केट म्हणजे ते 'कोणीतरी'. तिचे कौशल्य नको आहे, तिची हजेरी हवी आहे. ती विरोध करते तेव्हा तिच्यावर गोळी झाडली जाते. चिलखती जाकिटामुळे ती वाचते. शेवटी पथकातला मारेकरी तिच्या घरी येतो, हनुवटीखाली पिस्तूल लावतो आणि 'सारे काही कायद्याने झाले' या कागदावर तिची सही घेतो. तो निघून जाताना ती सज्जातून त्याच्यावर नेम धरते, पण गोळी झाडत नाही.

इथेच सगळे नाराज होतात. गोळी का झाडली नाही?

मी विचारते, झाडली असती तर काय झाले असते? त्या रस्त्यावर आणखी एक सिकारिओ तयार झाला असता, एवढेच. बंदूक चालवली की बाई सबळ आणि नाही चालवली की दुबळी, हे माप आपण कोणाकडून उसने घेतले? पुरुषी हिंसेच्या परीक्षेत बाईने पहिला नंबर काढावा, यासाठी तर आपण चळवळीत आलो नाही. ही भूमिका बाईऐवजी पुरुषाची करा, असे पटकथाकाराला सुचवले गेले होते, हे खुद्द दिग्दर्शक देनी विल्नव यांनीच सांगितले आहे. ती सूचना मानली गेली नाही हे बरे झाले. माणसाला व्यवस्था शिक्क्यासारखी कशी वापरते, हे दाखवायला बाईइतके योग्य पात्र नाही.

चित्रपटाचा दोष मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. मारेकरी आलेहांद्रो याच्याबद्दल आपल्याला सहानुभूती वाटावी म्हणून सांगितले जाते, की टोळीवाल्यांनी त्याच्या बायकोला आणि मुलीला क्रूरपणे मारले. मग तो टोळीच्या म्होरक्याच्या घरात शिरतो आणि जेवणाच्या टेबलावरच आधी त्याच्या बायकोला आणि दोन मुलांना मारतो. दोन पुरुषांमधला हिशेब बायकामुलांच्या प्रेतांनी चुकता होतो. प्रेक्षक श्वास रोखून बघतात आणि बाहेर पडताना म्हणतात, काय सीन होता! २०१८ साली दुसरा भाग निघाला तेव्हा आलेहांद्रो होता, केट नव्हती. धंद्याला कोण हवे होते ते उघड झाले.

आणि ज्या सिउदाद हुआरेस शहरात हे घडते, तिथल्या बायका? त्या जवळजवळ दिसतच नाहीत. हुआरेसच्या तेव्हाच्या महापौरांनी चित्रपटावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले, तेही शहराची बदनामी होते म्हणून. २०१० साली या शहरात तीन हजारांहून अधिक खून झाले होते, २०१५ पर्यंत ते प्रमाण बरेच घटले होते. तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे खरे. पण शहराच्या अब्रूची काळजी करणाऱ्यांना शहरातल्या बायकांच्या जिवाची काळजी केव्हा होती?

१९९३ पासून तिथल्या महिला संघटना खून झालेल्या मुलींची मोजदाद करत आल्या. अनेकजणी माकिलादोरांमध्ये, म्हणजे परदेशी मालासाठी जोडणीचे काम करणाऱ्या कारखान्यांमध्ये, राबणाऱ्या. नोव्हेंबर २००१ मध्ये कापसाच्या एका जुन्या शेतात आठ जणींची प्रेते सापडली. मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन गेलेल्या आयांना 'गेली असेल मित्राबरोबर' असे ऐकवले गेले होते. हे वाक्य आपल्या पोलीस ठाण्यांत कोणी ऐकलेले नाही? त्यातल्या तिघींच्या कुटुंबीयांनी प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेले आणि २००९ साली न्यायालयाने मेक्सिकोच्या सरकारला जबाबदार धरले.

डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवले, आणि सरकारला प्रत्येक खुनासाठी एक सोयीचे उत्तर मिळाले : टोळीयुद्ध. जानेवारी २०१० मध्ये हुआरेसच्या एका वस्तीत पार्टीला जमलेल्या तरुण मुलांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हाही राष्ट्राध्यक्ष हेच बोलले. त्यात दोन्ही मुलगे गमावलेल्या लुस मारिया दाविला भर सभेत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तुमचे इथे स्वागत नाही, असे तोंडावर म्हणाल्या. मारिसेला एस्कोबेदो यांच्या मुलीच्या खुन्याला न्यायाधीशांनी सोडून दिले. त्यांनी स्वतः त्याचा माग काढला, चिवावा राज्याच्या सरकारी इमारतीसमोर धरणे धरले आणि डिसेंबर २०१० मध्ये तिथेच त्यांना गोळी घालण्यात आली. या बायकांच्या हातात बंदूक नव्हती. त्यांना कमजोर म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आता केटकडे परत येऊ, कारण तिची जागा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. आपल्याकडे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याप्रमाणे बाईची झडती बाईनेच घ्यावी लागते. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे झडतीच्या साक्षीदारांत एक तरी बाई लागते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे कार्यालयातल्या अंतर्गत समितीची अध्यक्ष बाई असावी लागते, निम्म्या सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. या तरतुदी फुकट मिळालेल्या नाहीत, चळवळीने त्यासाठी वर्षे घालवली आहेत. पण त्याच तरतुदींचा वापर शिक्क्यासारखाही होतो. मी एका कार्यालयाच्या समितीवर बाहेरची सदस्य होते. तक्रारदार बाईचे म्हणणे ऐकून व्हायच्या आधीच अहवाल टाइप होऊन आला होता. मला फक्त सहीची जागा दाखवली गेली. मी सही केली नाही, माझे वेगळे मत लिहून दिले. त्यानंतर मला बैठकीचे पत्र आले नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणी अशा समित्यांवर आहेत, छाप्यांबरोबर जातात, पंचनाम्यावर सह्या करतात. केट एकटी होती म्हणून तिच्या हनुवटीखाली पिस्तूल लावता आले. आपल्याला एकटे राहायचे कारण नाही. वाचल्याशिवाय सही नाही. पटत नसेल तर विरोधी मत त्याच कागदावर नोंदवायचे, त्याची प्रत मागून घ्यायची आणि संघटनेच्या बैठकीत तो कागद सगळ्यांसमोर ठेवायचा. सही नाकारणारीला पुन्हा बोलावले नाही, तर तिच्या जागी गेलेल्या बाईला आपण आधी गाठायचे. कारण आपल्याकडे सही मागणारा पिस्तूल घेऊन येत नाही. तो चहा मागवतो आणि म्हणतो, 'ताई, एवढी सही करून टाका.'