तसं म्हणायचं नव्हतं

"आडनाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्यावर मी आणि धाकटी बहीण उभे होतो. मुंबईच्या गोदीत चार खाडे करून आलो होतो. आमचं वस्तीतलं घर पावसात पडायला आलंय. बाप वीस वर्षं ह्याच पेठेतल्या एका दुकानात पोती उचलतो, म्हणून खोली इथंच बघत होतो.

आडनाव सांगितलं. मालक गोड माणूस. "गाव कुठलं? तसं नव्हे ओ, मूळ गाव?" मग "खाण्यापिण्याचं कसं?" मग बहिणीकडं बघून, "पोरगी शिकलेली दिसते, तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही." आणि शेवटी, "आमचं काही नाही ओ, पण शेजारचे लोक जुन्या विचारांचे. परवा कळवतो."

तो परवा अजून उजाडलेला नाही.

दोस्तहो, दहावीला मराठीच्या पेपरात संदर्भासहित स्पष्टीकरण असायचं. मला त्यात मार्क कमी पडायचे. आता पैकीच्या पैकी घेतो. "आडनाव काय" म्हणजे जात कुठली. "मूळ गाव" म्हणजे आडनावावरून नक्की होईना, आता गावातली आळी सांगा. "खाण्यापिण्याचं" म्हणजे तुमच्या चुलीचा वास. "त्यांच्यातले वाटत नाही" ही तर स्तुती म्हणून फेकलेली चप्पल. माझी आई, माझा बाप, माझी अख्खी वस्ती जशी वाटते तशी वाटणं हा गुन्हा, आणि त्यातून तुला सूट दिली, आता थँक्यू म्हण! बहीण म्हणाली नाही. तिचं मला बरं वाटलं.

1989 साली अॅट्रॉसिटीचा कायदा झाला. तेव्हापासून शहाण्यांची जीभ सावध झाली. जातीचं नाव घेऊन चारचौघांत शिवी दिली तर कायदा ऐकतो. जिन्यावर नाव कोण घेतंय? नाव न घेता दार लावता येतं. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. चांगलं केलं. पाटीवर समतानगर येईल. पण "समतानगर म्हणजे ते पलीकडचं का?" असं विचारणाऱ्याची पाटी कोण बदलणार?

ही गोष्ट एका पुरोगामी मित्राला सांगितली. तो म्हणाला, "तुम्ही लोक प्रत्येक शब्दाचा उलटा अर्थ काढता. त्याला तसं म्हणायचं नसेल."

"तुम्ही लोक." बघा, तोही गेला.

म्हणे, म्हणायचं नसेल! गोदीत खोक्यावर एक वजन लिहिलेलं असतं आणि पाठीवर दुसरंच येतं. तेव्हा आम्ही लिहिणाऱ्याचा हेतू विचारत बसत नाही. पाठ सांगते ते वजन. 1938 साली मुंबईच्या असेंब्लीत लोकल बोर्डांच्या बिलात 'हरिजन' शब्द आला. देवाची लेकरं, किती गोड! शब्द देणाऱ्यांचा हेतू थोर होता असं आजही सांगतात. बाबासाहेबांनी आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी तो हेतू मापत बसायला नकार दिला. ज्याला हाक मारायची त्यालाच नाव पटत नसेल तर नाव चूक. बहुमतानं शब्द ठेवला, तेव्हा हे सभागृहाबाहेर पडले. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या खिशात नसतो, हे तेव्हाच सांगून झालंय. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं नाही, एवढंच.

आता आपल्या सोलापूरचा लाडका शब्द घ्या. बे. "काय बे", "चल की बे". बाहेरच्याला आपण ऐटीत सांगतो, ही शिवी नव्हे, ही आमची माया. मलाही तो आवडतो. मुंबईत गर्दीत कुणी "काय बे" म्हटलं की मी मागं वळून बघतो. दोस्तांत बे गोडच आहे, कारण तिथं तो परत देता येतो.

पण माझ्या साठीच्या बापाला दुकानमालकाचा विशीतला पोरगा म्हणतो, "ए, उचल की बे." बाप म्हणतो, "व्हय मालक." वीस वर्षांत एकदा तरी बापानं "ठेवलं की बे" म्हटलं असतं, तर मी माया मानली असती.

रजेच्या शेवटच्या दिवशी बापाचा डबा द्यायला दुकानात गेलो. पोरगा गल्ल्यावर होता. बापाकडं हात करून म्हणाला, "ए, ते चार कट्टे आत टाक की बे."

मी म्हणालो, "टाकतोय की बे. दम धर."

त्याचं तोंड लाल झालं. उठून उभा राहिला. "बे कुणाला म्हणतो रे? तोंड सांभाळून बोल."

"रागावू नका," मी म्हणालो, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

बापानं कट्टा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. मग डबा घेऊन बाहेर फळीवर बसला आणि सावकाश जेवला. कट्टे दारातच पडून होते.