चुना कार्बन पकडेल, पण गंधकाचे काय?

भूल देण्याच्या यंत्राला एक पारदर्शक डबा जोडलेला असतो. त्यात सोडा लाइमचे, म्हणजे मुख्यतः चुन्याचे, पांढरे दाणे असतात. रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतात. दाणे जांभळे पडू लागले की ते बदलायची वेळ झाली, हे भूलतज्ज्ञ ओळखतो.

औष्णिक वीज केंद्राच्या धुरासाठीही हेच तत्त्व वापरता येते. कळीचा चुना सुमारे ६५० अंश सेल्सिअसला धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडतो आणि त्याची चुनखडी होते. ती दुसऱ्या भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापवली की वायू सुटा होतो आणि चुना पुन्हा कामाला येतो. सुटा झालेला वायू जमिनीखाली साठवायचा. स्पेनमधील ला पेरेडा आणि जर्मनीतील डार्मस्टाट येथील प्रायोगिक संयंत्रांत ही पकड सिद्ध झाली आहे.

अडचणीही आहेत. दर फेरीत चुन्याची छिद्रे बुजतात, त्याची पकड ढिली होते, म्हणून ताजी चुनखडी घालत राहावी लागते. दुसऱ्या भट्टीला जादा इंधन आणि ऑक्सिजन लागतो. मात्र वापरलेला चुना सिमेंटला चालतो. कोळसा, चुनखडी आणि सिमेंट कारखाने एकाच जिल्ह्यात असलेल्या चंद्रपुरात हा प्रयोग जरूर व्हावा.

पण ओपीडीत धापा टाकत येणाऱ्या दमेकऱ्याला आज छळतात ते गंधकाचा वायू आणि सूक्ष्म धूलिकण. हा वायूही चुनखडीनेच धुऊन काढता येतो आणि ते तंत्र जुने आहे. केंद्राने २०१५ मध्ये त्यासाठी मर्यादा घातल्या, मुदती वाढवल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून सूट दिली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे त्यामागचे एक कारण. ते खरे आहे. पण कोळसा जाळला जातो तो प्रचंड प्रमाणात. शिवाय हा वायू हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनून दूरवर जातो. धुराड्याजवळच्या मोजणीत तो सगळा दिसत नाही.

गंधक चुन्यालाही निकामी करतो. त्यामुळे उद्या कार्बन पकडायचा असला तरी आज गंधक काढणे वाया जाणार नाही. अपघात विभागात ज्याचा श्वास कोंडला आहे त्याला आम्ही आधी पाहतो. धोरणातही तोच क्रम हवा.