तीन तासांचा राग

गेल्या महिन्यांत ओसरीवर वर्तमानपत्राचें वाचन चाललें असतां धाकट्या सुनेनें विचारलें, "मामंजी, रागाच्या भरांत खून केला तर शिक्षा कमी होते, हें खरें का?"

खरें आहे, परंतु त्यास अटी आहेत. असा मनुष्य निर्दोष सुटत नाहीं, त्याचा अपराध खुनाच्या पायरीवरून खालीं सदोष मनुष्यवधाच्या पायरीवर येतो, इतकेंच. 1860 च्या दंडसंहितेंत 300 व्या कलमाच्या पहिल्या अपवादानें 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ' ही सवलत दिली. यांतील सारें मर्म 'आकस्मिक' या एका शब्दांत आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीस कमांडर कावस नानावटींचा खटला तोंडपाठ होता. 27 एप्रिल 1959 रोजीं, मुंबईंत, पत्नीनें प्रेम आहुजाशीं असलेला संबंध कबूल केला. नानावटींनीं पत्नीस व मुलांस सिनेमागृहीं पोंचविलें, जहाजावर जाऊन पिस्तूल व सहा काडतुसें घेतलीं आणि आहुजाचें घर गांठलें. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतांनीं त्यांस निर्दोष ठरविलें. न्यायाधीशांस तें पटलें नाहीं. त्यांनीं प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलें, व तेथें झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानें 24 नोव्हेंबर 1961 रोजीं कायम केली. गोळ्या झटापटींत सुटल्या, हा मुख्य बचाव टिकला नाहीं. आणि प्रक्षोभाविषयीं न्यायालय म्हणालें कीं, दीड वाजतां घर सोडलेल्या मनुष्यास चार वाजून वीस मिनिटांपर्यंत भानावर येण्यास पुरेसा अवधि होता. (पुढें 1964 सालीं त्यांस माफी मिळाली, ती गोष्ट निराळी.)

मला वाटलें, शंका फिटली. तोंच ती म्हणाली, "मग वर्षानुवर्षें मार खाणारीनें काय करावें? तिचा राग एकाएकीं येतच नाहीं. तो सांठत जातो."

मी निरुत्तर झालों. हा 'आकस्मिक' शब्द बलवानाच्या स्वभावास शोभतो. दुबळ्या मनुष्यास तत्क्षणीं हात उगारण्याचें सामर्थ्यच नसतें. इंग्लंडांत हें ध्यानीं आलें. तेथील 2009 च्या कायद्यानें प्रक्षोभाचा जुना बचाव रद्द करून 'आत्मसंयम सुटणें' हा नवा आणिला. तो सुटणें आकस्मिकच असावें अशी अट काढली, गंभीर मारहाणीची भीति हेंही कारण मानिलें, आणि सूडबुद्धीस मात्र थारा दिला नाहीं. आमच्या भारतीय न्याय संहितेच्या 101 व्या कलमांत, 1 जुलै 2024 पासून, 'गंभीर आणि आकस्मिक' हे शब्द जसेच्या तसे आहेत.

तथापि नानावटींच्याच निकालांत असेंही म्हटलें आहे कीं, मृतानें पूर्वीं केलेल्या कृत्यांनीं आरोपीच्या मनाची जी भूमिका बनली असेल, तीही विचारांत घेतां येते. निकालाचा तो भाग मीं सुनेस वाचावयास दिला आहे. तिनें तो अद्याप परत केलेला नाहीं.